मांगं सांभाळ

यवतमाळ जिल्ह्यात आजवर जेवढ्या म्हणून खुर्च्या झाल्या असतील, त्यांपैकी एकीच्याही पाठीला आमच्या साडूंची पाठ कधी लागली नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. लाकडी, लोखंडी, वेताच्या, प्लास्टिकच्या, लग्नमंडपातल्या आणि तहसीलमधल्या, अशा सगळ्या जातींच्या खुर्च्यांवर मी त्यांना बसलेलं पाहिलं आहे, आणि प्रत्येक खुर्चीचा पुढचा वीतभर भाग तेवढा त्यांनी वापरलेला आहे. बाकीची खुर्ची कोरी. त्यांच्या घरातल्या खुर्च्या पुढून झिजलेल्या आणि मागून दुकानातून आणल्यासारख्या असायच्या. पाठीचा काही आजार होता म्हणावं तर तसंही नाही. पोत्यावर, ओट्यावर, पारावर ते मांडी घालून तासन्‌तास बसत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की टेकण्याआधी माणसानं मागे कोण आहे ते पाहावं. आणि पाहिलं की मागे कोणी ना कोणी असतंच, मग टेकायचं कसं?

ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना साडभाऊ म्हणायचो आणि तेही मला साडभाऊच म्हणायचे. एकमेकांना एकाच नावानं हाक मारायची सोय व्याह्यांनंतर फक्त साडूंनाच आहे. मी यवतमाळला पोस्टात आणि ते मारेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. ग्रेडरचं काम म्हणजे बैलबंडीतला मूठभर कापूस घ्यायचा, त्यातली चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायची, तंतू किती लांब निघतो ते पाहायचं आणि त्यावरून माल कुठल्या प्रतीचा ते ठरवायचं. ही सवय त्यांच्या अंगठ्यांत इतकी मुरली होती की जिलबीसुद्धा ते आधी ओढून पाहत. माझ्या लग्नात शेला हातात आल्याबरोबर त्यांनी त्याचा एक दोरा काढून ओढला आणि माझ्या सासऱ्यांना सगळ्यांदेखत सांगितलं की यात सूत अर्धंच आहे. सासरे पुढे सहा महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. साडूंना त्याचं वाईट वाटलं, पण शेला अर्ध्याच सुताचा होता हे ते शेवटपर्यंत म्हणत राहिले.

टेकण्याची भानगड मात्र आली रांगेतून. केंद्राच्या फाटकाबाहेर हंगामात बैलबंड्यांची रांग लागायची. बंड्या एवढ्या खेटून उभ्या असत की एकीचं मागचं टोक दुसरीच्या बैलांच्या तोंडाशी. भरलेल्या बंडीचे बैल सोडून जू मोकळं केलं, की बंडी उलाळ होते. पुढचा भाग वर आभाळात जातो आणि मागचा भाग धाडकन खाली येतो, तो थेट मागच्याच्या बैलांच्या डोक्यावर. म्हणून रांगेत एक रीत होती. बैल सोडण्याआधी बंडीवाल्यानं मागे वळून आवाज द्यायचा, "मांगं सांभाळ." मागच्यानं आपले बैल हातभर मागे घ्यायचे आणि उत्तर द्यायचं, "सोड." ते 'सोड' कानावर पडल्याशिवाय जू सोडायचं नाही, मग आपले बैल तहानेनं कासावीस का होईनात. साडूंचा बाप बंडी हाकायचा. त्यामुळे बाळकडू म्हणतात तसं हे दोन शब्दच साडूंना आधी पाजलेले होते. पुढे ते रांगेतून उठून खुर्चीत गेले, पण रीत बरोबर घेऊन गेले.

ते कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेला, पाऊस लहरी आणि रांग मात्र दरवर्षी लांब. कधी कधी ती करंजीच्या रस्त्याला लागायची आणि माणसं चार-चार दिवस बंडीखाली निजायची. केंद्रात साडूंना एक स्प्रिंगची खुर्ची मिळाली होती, टेकलं की मागे झुकणारी. खुर्चीची पाठ नेमकी फाटकाकडे. साडूंनी पहिल्याच दिवशी तिची पाठ सुतळीनं पायांना बांधून टाकली. साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी विचारलं, हे काय. साडू म्हणाले, "मांगं चार दिवसाचे लोकं उभे हायेत साहेब, अन मी कायले टेकू?" साहेबांनाही त्या दिवशी टेकायचं अवघड झालं म्हणतात. दर हंगामात ते रांगेतल्या कुणाला तरी विचारत, मागच्या साली तुझ्यामागे अमका उभा होता, यंदा दिसत नाही. समोरचा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहायचा, आणि साडू पुढे काही विचारत नसत. अशा दिवशी घरी येऊन ते जेवत नाहीत, एवढं ताई आम्हाला सांगायच्या. ताई म्हणजे त्यांच्या मिसेस. माझी बायको त्यांना ताई म्हणायची म्हणून मीही.

एकदा एखादी गोष्ट अंगात भिनली की ती जागा पाहत नाही. मारेगावच्या न्हाव्याकडे झुकणारी खुर्ची आली, तेव्हा सगळ्या गावानं तीत डोकं मागे टाकून दाढी करून घेतली. साडूंनी आधी मागच्या बाकड्यावर नंबर लावून बसलेल्या तिघांना विचारलं. तिघांनी होकार दिला, पण चौथा आत आला आणि त्याला ऐकू कमी येत होतं. शेवटी न्हाव्यानं गुडघ्यावर बसून साडूंची दाढी केली. वणीच्या दातांच्या डॉक्टरानं तर पायाखालची कळ दाबून न विचारताच खुर्ची आडवी केली, तेव्हा तिच्या कडेवर ताठ बसून, तोंडात कापसाचा बोळा असताना ते मागे उभ्या असलेल्या कंपाउंडरला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. डॉक्टरला वाटलं दात दुखतोय, म्हणून त्यानं आणखी एक सुई दिली. नोकरी संपताना सहकाऱ्यांनी त्यांना आरामखुर्ची भेट दिली. ताईंनी ती मुद्दाम भिंतीला लावून ठेवली, म्हणजे मागे कोणी असायचा प्रश्नच नको. साडू तिच्यात एकदा बसले आणि लगेच उठले. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर आहे, म्हणाले. ताईंनी कपाळाला हात लावला आणि त्या खुर्चीवर पापड वाळत घातले.

ताई मोठ्या गमतीच्या बाई होत्या. नवऱ्याच्या या तऱ्हेवाईकपणाचा त्यांना राग यायचा, पण तो रागही त्या हसूनच सांगायच्या. निमआराम गाडीत बसलं की यांच्यामुळे निम्मा आराम नवऱ्याचा जातो आणि निम्मा बायकोचा, असं त्या म्हणायच्या. ते खरंच होतं. एस.टी.च्या त्या मागे झुकणाऱ्या सीटमध्ये साडू स्वतः टेकायचे नाहीतच, पण ताईंनी बटण दाबलं की आधी मागे वळून चौकशी. मागे बाई मूल घेऊन बसली असेल तर नाही. म्हातारा असेल तर नाही. कोणी डबा उघडून जेवत असेल तर तो जेवून, हात धुऊन, सुपारी खाईपर्यंत थांबायचं. तोवर गाडी पोचायची.

मग ताईंची पाठ धरली. आधी वाटलं वय झालं, मग वाटलं वात, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढून पाहिल्यावर जे सांगितलं ते आम्ही ताईंना कधी सगळं सांगितलं नाही. मणक्यात होतं ते. तीन महिने त्यांना सलग झोप नव्हती. आडवं झालं तरी कळ, बसलं तर त्याहून जास्त. मुंबईला दाखवा, पण रेल्वेचे धक्के नकोत, विमानानं न्या आणि बसवून न नेता टेकवून न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. बरोबर मी जायचं ठरलं. विमानात मीही कधी पाय ठेवला नव्हता, पण पोस्टात असल्यामुळे मला मुंबईचे पिनकोड पाठ होते, आणि आमच्या घराण्यात मुंबईविषयी त्याहून जास्त माहिती कुणालाच नव्हती.

सकाळचं विमान होतं. ताई खिडकीपाशी, साडू मध्ये आणि मी कडेला. साडूंनी बसल्याबरोबर मागे वळून पाहिलं. ताईंच्या मागे एक चाळिशीचा लांबलचक पायांचा गृहस्थ बसला होता. त्याचे गुडघे आत्ताच ताईंच्या सीटला टेकलेले होते आणि मांडीवर कॉम्प्युटर. मला तिथंच धोक्याची घंटा ऐकू आली. हवाईसुंदरी येऊन, विमान वर जाईपर्यंत सीट सरळ ठेवा म्हणून प्रत्येकाला सांगत होती. ते साडूंना इतकं आवडलं की ही मुलगी चांगल्या घरची दिसते असं ते मला दोनदा म्हणाले. विमान वर गेलं. दिव्याचा टिंग आवाज झाला, आजूबाजूच्या पाच-दहा सीटा खटाखट मागे गेल्या. ताईंनी आशेनं नवऱ्याकडे पाहिलं. साडू उठले, मागे वळले आणि भर विमानात खड्या आवाजात म्हणाले, "मांगं सांभाळा बरं भाऊ."

चार रांगांनी माना वळवल्या. मागून 'सोड' काही आलं नाही. त्या गृहस्थानं कानातली बोंडं काढून, क्या हुआ म्हणून विचारलं. साडूंनी आपल्या हिंदीत त्याला सगळं सांगितलं. ताईंची पाठ, नागपूरचा डॉक्टर, तीन महिन्यांची जाग. तो माणूस वाईट नव्हता. पण पाय कुठे ठेवणार आणि कॉम्प्युटर कुठे, अशी त्याची अडचण. हवाईसुंदरी आली. तिनं हसून सांगितलं की सीट मॅडमची आहे, त्या मागे घेऊ शकतात. यावर साडूंनी तिला जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. "सीट तिची हाये बाई, कबूल. पन सीटच्या मांगची जागा कोनाची?"

दोन वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, कोणाचा यावर आमच्याकडे भावाभावांच्या पिढ्या कोर्टात गेलेल्या. इथं तो धुरा आभाळात निघाला होता. शेवटी त्या गृहस्थानंच सुटका केली. ठीक है अंकल, थोडी देर कर लो, म्हणाला. साडूंचं 'थोडी देर'वर समाधान होईना. थोडी म्हणजे किती, वेळ सांगा, असं त्यांनी लावून धरलं. तो हसला आणि म्हणाला, चलो, आधा घंटा. साडूंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, त्याला नमस्कार केला आणि मग ताईंच्या सीटचं बटण स्वतःच्या हातानं दाबलं. सीट मागे गेली तीही हळूहळू, तळहातानं धरून, निजलेल्या मुलाचं डोकं उशीवर ठेवतात तशी.

आणि ताईंना झोप लागली. खरंच लागली. आधी त्यांच्या कपाळावरची आठी गेली, मग मूठ उघडली. तीन महिन्यांत मी त्यांचा चेहरा इतका मोकळा पाहिला नव्हता. साडू त्यांच्याकडे पाहत होते आणि मग घड्याळाकडे, पुन्हा त्यांच्याकडे आणि पुन्हा घड्याळाकडे. मला ते ध्यान पाहून हसू येत होतं. आज त्या हसण्याची लाज वाटते.

अर्धा तास भरला तसे ते हलले. मी मागे पाहिलं. तो गृहस्थ कॉम्प्युटर मिटवून, तोंड उघडं टाकून स्वतःच घोरत होता. मी साडूंचा हात धरला आणि हळूच म्हटलं, साडभाऊ, तो झोपलाय, राहू द्या आता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते चिडून नव्हे. मला समजत कसं नाही, अशा नजरेनं.

"निजला म्हून त्याची जागा माही झाली काय?"

त्यांनी ताईंच्या खांद्याला हात लावला. ताईंनी डोळे उघडले, खिडकीतून पाहिलं. "आलं काय मुंबई?"

"नाही. त्यायचा टाइम झाला."

"बरं," ताई म्हणाल्या. "करा सिधी."

पुढे मुंबई येईपर्यंत, सगळ्यांनीच सीट सरळ करायची घोषणा होईपर्यंत, वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. एवढाच काय तो प्रश्न होता. ती वीस-पंचवीस मिनिटं ताई समोरची सीट दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या आणि साडू त्यांच्या पाठीमागे आपला हात आडवा धरून. तो त्यांनी एकदाही काढला नाही. विमान उतरलं, मागचा गृहस्थ जागा झाला, आळस दिला आणि त्याला ताईंची सीट सरळ दिसली. फार मोकळ्या मनानं बोलला तो. "अरे, आंटी ने सीट सीधी क्यों कर ली? आधा घंटा तो मैंने ऐसे ही बोल दिया था. मैं तो खुद सो गया."

वरची पिशवी काढायला साडू उभे राहिले आणि पिशवीच्या बंदात त्यांचा हात बराच वेळ तसाच राहिला. मागची माणसं खोळंबली होती, हे त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी आठ दिवस ठेवून घेतलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. परत येताना आम्ही रेल्वेनं आलो. धक्क्यांनी बिघडावं असं आता काही उरलं नव्हतं. त्यानंतर ताई दीड महिना होत्या. भेटायला बायका यायच्या, आणि ताई आजाराचं न सांगता विमानाचंच सांगायच्या. "इमानात काय झोप लागली व माय मले. कापसाच्या गंजीवर टाकल्यावानी. यायनं उठोलं नसतं तं मी दिल्लीलेच गेली असती." बायका हसायच्या, ताई हसायच्या. साडू दाराशी खुर्चीच्या वीतभर कडेवर बसून ऐकायचे. ताईंनी त्यांना एका शब्दानं दोष दिला नाही, आणि मला वाटतं तेच त्यांना सोसलं नाही. दोष दिला असता तर त्यांनी आपली बाजू मांडली असती. बाजू मांडायला ते कच्चे नव्हते.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. मी पानाला चुना लावत होतो आणि ते अंगठ्यांत कापसाचा एक पुंजका ओढत होते. मधेच म्हणाले, "साडभाऊ, तो मांगचा निजला होता. निजलेला मानूस 'सोड' कसा म्हनन? पन तो 'नको'बी म्हनत नव्हता. मले हे तवा समजलं नाही." मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता. त्यांनी मान हलवली. "सारी जिंदगी मी मांगं कोन हाये तेच पाह्यलं. बाजूले कोन बसली हाये ते पाहाचं राहून गेलं."

पोस्टात आयुष्य काढलं, दुसऱ्यांची लाखो पत्रं पोचवली, पण त्या वेळी द्यायला स्वतःजवळ एक ओळ नव्हती.

त्यानंतर साडूंनी नवीनच तऱ्हा काढली. एस.टी.त ते आता कोणाच्या तरी मागे बसायचे. रिकामी गाडी असली तरी मुद्दाम पाहून, एखाद्या म्हाताऱ्या माणसामागे किंवा दमलेल्या बाईमागे. आणि गाडी सुटली की पुढे वाकून सांगायचे, "टेका ना. आरामानं टेका. माही काही हरकत नाही." पुढचा माणूस दचकायचा. ज्याला टेकायचं नव्हतं तोही त्यांच्या आग्रहापायी टेकायचा आणि मान अवघडून घ्यायचा. पांढरकवड्याच्या गाडीत एका बाईनं कंडक्टरकडे तक्रार केली की हा म्हातारा मागून बोलतो. कंडक्टर त्यांना ओळखून होता. त्यानं बाईंना समजावलं, ते फक्त टेका म्हणतात, टेकून टाका, म्हणजे गप्प बसतील. लग्नाच्या मांडवात ते आता पुढच्या खुर्च्यांची पाठ दोन्ही हातांनी धरून बसत, कारण प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय मातीत रुतून म्हातारी माणसं मागे पडतात. लोक हसायचे. मी हसत नव्हतो, आणि का हसत नाही ते कुणाला सांगतही नव्हतो.

ताईंचं वर्षश्राद्ध होतं त्या दिवसाची गोष्ट. ताईंचा फोटो मोठा करायला यवतमाळला दिला होता, तो घ्यायला साडू आदल्या दिवशी माझ्याकडे आले होते. सकाळी फोटो घेऊन आम्ही चंद्रपूरच्या निमआराम गाडीत बसलो. माझी बायको दोन दिवस आधीच मारेगावला गेली होती, स्वयंपाकाची सगळी मदार तिच्यावर. बारापर्यंत पोचा, तुम्ही आल्याशिवाय पान वाढता येणार नाही, असं तिनं मला बजावून ठेवलं होतं. काचेची चौकट मांडीवर उभी धरून साडू खिडकीशी बसले, मी त्यांच्या शेजारी. पुढच्या सीटवर एक बाई होती, पन्नाशीची, एकटीच, हातात एक्स-रेचं मोठं खाकी पाकीट. जोडमोहा गेल्यावर तिनं बटणाकडे हात नेला, आणि मग थांबून मागे वळून पाहिलं. साडूंच्या मांडीवरची चौकट तिला दिसली. तिनं हात परत घेतला.

इतक्या वर्षांत स्वतःहून मागे वळून पाहणारं माणूस साडूंना भेटलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी चौकट उचलून छातीशी धरली, पाय सीटखाली मुडपून घेतले आणि म्हणाले, "सोडा बाई. बिनधास्त सोडा."

सीट मागे आली. तिला पाच मिनिटांत झोप लागली, पाकीट हातातून घसरून तिच्या मांडीवर आलं. करंजी आली, गेली. मारेगाव आलं, कंडक्टरनं आवाज दिला, मी उठून उभा राहिलो. साडू उठेनात. खिडकीकडून बाहेर पडायचं तर पुढची सीट सरळ करायला हवी होती, आणि सीट सरळ करायची तर तिला उठवायला हवं होतं. मी म्हटलं, साडभाऊ, घरी सगळे थांबलेत, ताईंचं पान आहे. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "निजू द्या तिले. वणीपर्यंत जाऊ."

कंडक्टरनं त्यांच्याकडे पाहिलं, त्या बाईकडे पाहिलं, आणि घंटी मारली. खिडकीतून मला मारेगावचा फाटा दिसला. तिथून हाकेच्या अंतरावर माझी बायको भरल्या स्वयंपाकाशी बसून माझ्या नावानं बोटं मोडत असणार. बसायला म्हणून मी वळलो आणि साडूंकडे पाहिलं. पुढची सीट त्यांच्या गुडघ्यांवर आलेली, मध्ये ताईंची चौकट छातीशी धरलेली. त्यांना पुढे सरकायला जागाच उरली नव्हती. त्यांची पाठ मागे टेकली होती. डोकंही टेकलं होतं, आणि डोळे मिटलेले.

सुरुवातीला मी पैजेची भाषा केली, ती तेवढ्या मारेगाव ते वणीपुरती मागे घेतो. मी हळूच मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर कोणी नव्हतं. तरी मी वणी येईपर्यंत मधून मधून पाहत राहिलो.